फोटोचं आयुष्य (भाग ७) : काळ्यापेक्षा राखाडी सांभाळा

मागच्या भागात ब्रोमाइड कागदावरचे, चांदीचे फोटो झाले. आता शाईचे.

शेलूबाजारसारख्या बाजारगावात आजोबांचा कोपरे झिजलेला फोटो स्कॅन करून नवा काढायला येणारं गिऱ्हाईक बजावून सांगतं, "भाऊ, कायी शाई चांगली टाक, फोटू उडाला नाई पायजे." मागणी रास्त आहे, पण तिचा रोख चुकलाय. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत काळ्या बाटलीचा वाटा वाटतो त्यापेक्षा फार कमी असतो.

आपल्याकडच्या स्टुडिओत हमखास दिसणारा एप्सनचा एल-८०५ घ्या. सहा बाटल्या : काळी, सायन, मॅजेंटा, पिवळी आणि सायन-मॅजेंटाच्या फिकट जोडीदार. राखाडी एकही नाही. नुसत्या काळ्याने छापलं तर गालाच्या उजळ भागात सुटे ठिपके दिसतात, म्हणून प्रिंटर करडी छटा रंगीत शाया मिसळून बनवतो. आजोबांचा चेहरा, धोतर, मागचा पडदा, सगळं बहुतांशी रंगातूनच उभं राहतं. असा फोटो ट्यूबलाइटखाली करडा दिसतो नि उन्हात नेला की हिरवट किंवा गुलाबी झाक मारतो, ती त्यामुळेच. वर्षांनी त्यातला एक रंग आधी विटला, की आजोबाही रंगीत होतात.

आणि हे रंग विटतात. या शाया 'डाय' प्रकारच्या, म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला. रेणू सुटे असल्यामुळे ऊन त्यांना मोडतं आणि हवेतला ओझोनही. लगेच वाळणाऱ्या चकचकीत कागदाच्या थरात सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून हवा थेट शाईपर्यंत पोचते. २००० साली एप्सनच्याच स्टायलस फोटो १२७० आणि ८७० या प्रिंटरांचे फोटो काही घरांत बघता बघता नारिंगी पडले. सायन उडाला होता, आणि दोष उन्हाचा नसून हवेचा निघाला. आपली घरं तर बारा महिने उघडी, त्यात वऱ्हाडातला उन्हाळा. काचेविना भिंतीवर चिकटवलेल्या फोटोला कोण वाचवणार?

दुसरा प्रकार पिग्मेंट शाईचा. यात रंगाचे बारीक घन कण तरंगतात. वरचा थर झिजला तरी कणाचा गाभा टिकतो, म्हणून ती जास्त तग धरते. काळा पिग्मेंट म्हणजे कार्बन, साध्या भाषेत काजळी. तिला प्रकाशाचं किंवा ओझोनचं फारसं सोयरसुतक नाही. पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. कारंजा लाडच्या जैन मंदिरांतल्या पोथ्यांच्या आधारे अमरावतीच्या प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३३ साली पुष्पदंताचं अपभ्रंश काव्य 'णायकुमारचरिउ' छापलं. अशा पोथ्यांची शाई म्हणजे दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी. कागद पिवळा पडतो, कडा तुटतात, अक्षर मात्र काळंच राहतं.

मग सगळीकडे कार्बनच का नाही? पातळ केलेली काजळी तपकिरी दिसते, आणि गिऱ्हाइकाला हवा असतो थंड, करडा काळा. म्हणून कंपन्या राखाडी शाईत थोडे रंगीत कण घालतात. एप्सनने २००५ साली 'के-३' शाया आणल्या, त्यांत काळ्याच्या तीन पायऱ्या होत्या : गडद, फिकी, अतिफिकी. रंगांवरचा भार त्यामुळे खूप हलका झाला, पण संपला नाही. अमेरिकेत पॉल रोर्क यांच्यासारखे हौशी लोक निव्वळ कार्बनच्या शाया वापरतात आणि तपकिरी झाक खुशाल स्वीकारतात. मला विचाराल तर आजोबांच्या फोटोला तीच शोभते.

पण उद्या उठून एल-८०५च्या टाकीत पिग्मेंट ओतू नका. कण तळाशी बसतात, चार दिवस मशीन बंद राहिलं की हेड तुंबतं. शिवाय मॅट काळी शाई चकचकीत कागदावर धरतच नाही, बोट फिरवलं की पुसते. त्या कागदासाठी 'फोटो ब्लॅक' वेगळी मिळते. ऑफिसच्या काही प्रिंटरांत काळी पिग्मेंट असते खरी, पण फोटो पेपर निवडला की ते प्रिंटर ती बाजूला ठेवून रंगांतूनच काळा बनवतात. म्हणजे बाटलीवर 'पिग्मेंट' वाचून घेतलेलं समाधान फुकट!

लेबल नसलेल्या स्वस्त शाईचं काय, हे दुकानदार सांगणार नाही, फोटोच सांगेल. एकाच फोटोच्या दोन प्रती काढा, दोन्हींच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि शाईचं नाव लिहा. एक पाकिटात घालून कपाटात ठेवा, दुसरी खिडकीत उघडी. दर महिन्याला दोन्ही शेजारी धरून बघायचं, तेही काळ्या कोटावर नाही, गालावर आणि आभाळावर, कारण आधी तिथेच बिघडतं. स्टुडिओवाल्याने चार शायांची अशी चाचणी एका उन्हाळ्यात केली, तर पावसाळ्याआधी कुठली बाटली मागवायची हे त्याला कळेल.

पुढच्या भागात कागद : मॅट की ग्लॉसी, आणि फ्रेमच्या पाठीमागे रद्दी का घालू नये.