स्कॅनर म्हणतो, मी कीबोर्ड!

रत्नागिरीतल्या एका दुकानदार श्रोत्याचा प्रश्न आलाय. आंबापोळी, कोकम सरबत, हापूसचा पल्प असा माल, आणि बिलाचा संगणक लिनक्सवर. यूएसबी बारकोड स्कॅनर लावलाय, पण कोड कधी बिलात उमटतो, तर कधी शेजारी उघड्या असलेल्या चॅटमध्ये. मराठी कीबोर्ड चालू राहिला की आकडेच देवनागरी होतात, मग बिलाला वस्तू सापडत नाही. ऐन मे महिन्यात, गिऱ्हाईक दारात उभं असताना!

त्यात स्कॅनरचा दोष नाही. असे बहुतेक स्कॅनर संगणकाला सांगतात की मी कीबोर्ड आहे. मग कर्सर जिथे, तिथे आकडे पडणारच.

म्हणून मी डेटा खालूनच उचलायला सांगतो. लिनक्समध्ये स्लॅश डेव्ह स्लॅश इनपुट या फोल्डरमध्ये प्रत्येक इनपुट उपकरणाची 'इव्हेंट' नावाची फाइल असते. तिच्यातून 64 बिट संगणकावर 24 बाइटच्या नोंदी येतात: वेळ, प्रकार, कोड, किंमत. कळ दाबली की किंमत 1, सोडली की 0. 'एव्हटेस्ट' चालवून बघा, सगळं डोळ्यांसमोर दिसतं.

आता गंमत ऐका. भारतातले बरेच बारकोड 890 ने सुरू होतात. ते स्कॅन केले तर कोड दिसतात 9, 10, 11! कारण इथे अक्षर नाही, कळीचा क्रमांक येतो. 1 नंबर एस्केपचा, म्हणून '1' या कळीचा 2. तसंच के या कळीचा 37. इंग्रजीत के उमटो नाहीतर इनस्क्रिप्टमध्ये क, खाली 37 च. अक्षर वरच्या थरात ठरतं, त्यामुळे इथून वाचलं की देवनागरी आकड्यांचा प्रश्नच उरत नाही. पायथॉनच्या एव्हडेव्ह लायब्ररीत 'ग्रॅब' आहे. ते केलं की स्कॅनर फक्त तुमच्या प्रोग्रॅमचा, चॅटमध्ये काही पडत नाही.

परवानगीचं मात्र जपून हं. "युजरला इनपुट ग्रुपमध्ये टाका" असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. त्या युजरचा कुठलाही प्रोग्रॅम मग तुमचा मुख्य कीबोर्डही वाचू शकतो, म्हणजे बँकेचा पासवर्डसुद्धा. वेलँड एका खिडकीच्या कळा दुसरीपासून लपवतं, पण या वाटेवर त्याचा पहारा नाही. त्यापेक्षा 'एलएसयूएसबी'ने स्कॅनरचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक काढा, युडेव्हचा नियम लिहा आणि तेवढंच उपकरण बिलाच्या वेगळ्या ग्रुपला द्या.

इव्हेंटचा नंबर रीस्टार्टनंतर बदलू शकतो, म्हणून 'बाय-आयडी' फोल्डरमधलं नाव वापरा. एकाच संगणकाला दोन सारखे स्कॅनर असतील आणि त्यांना सीरियल नंबर नसेल, तर तिथेही घोळ होतो. मग 'बाय-पाथ' घ्या, ओळख पोर्टवरून पटते. फक्त झाडलोट करताना वायरींची अदलाबदल होऊ देऊ नका.