सेवा न थांबवता सर्व्हरची दुरुस्ती

चिपळूण तालुक्यातील अलोरे येथे कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे वीजगृह असून, पोफळीच्या वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडी धरणात अडवून त्यावर येथे प्रत्येकी ८० मेगावॉटचे चार संच चालवले जातात. एकूण ३२० मेगावॉटची ही क्षमता एकाच संचात न गुंतवता चार संचांत विभागलेली असल्यामुळे त्यांपैकी एक देखभालीसाठी थांबवला, तरी उरलेले तीन वीज देत राहू शकतात. मोठी डेटा सेंटरही याच तत्त्वावर उभी असतात. मात्र तेथे सर्व्हर थांबवण्यापूर्वी त्यावर चालू असलेले काम, वापरणाऱ्याच्या नकळत, शेजारच्या सर्व्हरवर हलवावे लागते. हे ज्या तंत्रामुळे शक्य होते, त्यास सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन म्हणतात.

या तंत्रात प्रत्यक्ष सर्व्हरवर, ज्यास होस्ट किंवा यजमान म्हणतात, हायपरव्हायझर नावाचे सॉफ्टवेअर बसवलेले असते. ते यजमानाचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांची वाटणी करून अनेक आभासी यंत्रे निर्माण करते आणि यांतील प्रत्येक यंत्र स्वतंत्र संगणकासारखे वागते. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकात तिचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. साध्या सर्व्हरसाठी ती व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरने २००१ मध्ये रुजवली, तर २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरव्हायझर लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाला. भारत सरकारने २०१४ मध्ये सुरू केलेली ‘मेघराज’ ही क्लाउड सेवाही याच पायावर उभी आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागल्यापासून गावोगावच्या शेतकऱ्यांचा व्यवहारही सर्व्हर अखंड चालू राहण्यावर अवलंबून राहू लागला आहे.

चालू यंत्राच्या स्थलांतरास लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. त्यात आभासी यंत्राची मेमरी प्रथम पूर्णपणे नव्या यजमानावर उतरवली जाते. या काळात यंत्र काम करतच असल्याने मेमरीची जी पाने बदलतात, ती पुन्हा पाठवली जातात आणि अशा फेऱ्यांतून शिल्लक पाने अगदी थोडी उरली की यंत्र क्षणभर थांबवून उरलेला भाग हलवला जातो व ते नव्या जागी चालू होते. हा विराम सहसा एका सेकंदाहून कमी असल्याने वापरणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही.

इतका खटाटोप करून यजमान अद्ययावत का करावेत, याचे उत्तर अलीकडच्या घटनांत सापडते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरांतील दोष उघड झाल्यावर जगभरचे यजमान सर्व्हर दुरुस्त करावे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज या खंडणीखोर सॉफ्टवेअरने व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायझरवर चालणारे हजारो यजमान वेठीस धरले; या हल्ल्याशी जोडल्या गेलेल्या त्रुटीवरील दुरुस्ती फेब्रुवारी २०२१ मध्येच उपलब्ध झालेली होती. एका यजमानावर अनेक आभासी यंत्रे चालत असल्यामुळे त्याची उपेक्षा त्या सर्वांना एकदम भोवते.

अद्ययावतीकरणाचा क्रम ठरलेला असतो. नवी आवृत्ती आपल्या सर्व्हरवर, नेटवर्क कार्डावर व स्टोरेजवर चालते की नाही, हे निर्मात्याच्या सुसंगततेच्या यादीत पाहून आणि बॅकअप खरोखर परत उतरवता येतो याची खात्री करून, व्हीएमवेअरसारख्या प्रणालीत आधी व्यवस्थापन सर्व्हर व नंतर एकेक यजमान हाती घेतला जातो. त्यावरील यंत्रे इतरत्र हलवून त्यास देखभाल अवस्थेत टाकले जाते, नवी आवृत्ती बसवली जाते आणि चाचणीपुरते एखादे बिनमहत्त्वाचे यंत्र परत आणून पाहिल्यावरच पुढच्या यजमानाकडे वळले जाते. यासाठी आधीपासून मोकळी क्षमता राखलेली असावी लागते. प्रत्येकी २५६ जीबी मेमरीचे चार यजमान असतील, तर एक थांबल्यावर ७६८ जीबीच उरतात; तेव्हा सर्व यंत्रांची गरज आणि हायपरव्हायझरचा स्वतःचा वापर मिळून त्यापेक्षा जास्त होता कामा नये.

स्थलांतर अडते, तेव्हा कारण बहुधा दोन यजमानांतील एखाद्या फरकात दडलेले असते. नव्या पिढीच्या प्रोसेसरवर सुरू झालेले यंत्र तेथील खास सूचना वापरत असल्यास जुन्या प्रोसेसरवर जाण्यास नकार देते. म्हणून सर्व यजमानांना त्यांतील सर्वांत जुन्या प्रोसेसरच्या पातळीवर बांधून ठेवण्याची सोय आधीच चालू करावी लागते. नेटवर्कमधील दोष अधिक फसवा असतो. दोन्ही यजमान ९,००० बाइटांची मोठी पाकिटे पाठवण्यास सज्ज असले, पण मधला स्विच १,५०० बाइटांवरच अडला असेल, तर छोटी चाचणी यशस्वी होते आणि स्थलांतर मात्र मध्येच थांबते. पाकीट तोडू न देता ८,९७२ बाइटांचा पिंग पाठवल्यास हा दोष लगेच उघडा पडतो. याखेरीज आभासी नेटवर्काच्या नावात एका अक्षराचा फरक असणे, नव्या यजमानास सामाईक स्टोरेज न दिसणे, यंत्रास स्थानिक डिस्कवरील आयएसओ फाइल जोडलेली राहणे किंवा एखादे कार्ड थेट यंत्रास दिलेले असणे, हीही नेहमीची कारणे आहेत. मोठ्या डेटाबेसमध्ये पाने पाठवण्याच्या वेगाहून अधिक वेगाने बदलत राहिली, तर फेऱ्या संपतच नाहीत. तेथे कामाचा भार कमी असलेली वेळ निवडणे किंवा स्थलांतरासाठी अधिक वेगवान नेटवर्क देणे, हाच उपाय ठरतो.

निदान करताना दोन्ही यजमानांच्या नोंदी एकाच वेळेच्या असाव्यात, म्हणून घड्याळे आधी जुळवली पाहिजेत. तेच यंत्र बंद करून हलवता आले, तर संशय प्रोसेसर, मेमरी किंवा स्थलांतराच्या नेटवर्काकडे जातो. आणि ते तिसऱ्या यजमानावर जाऊ शकले, तर दोष पहिल्या निवडलेल्या यजमानाकडे असण्याची शक्यता वाढते. एका वेळी एकच बदल करून पाहणे आवश्यक असते. अन्यथा दोष गेला तरी तो कशामुळे गेला, हे कळत नाही.

लाइव्ह मायग्रेशन म्हणजे बॅकअप नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, त्या प्रकारच्या संकटात एकाच इमारतीतील चारही यजमान एकदम निकामी होऊ शकतात, आणि तेव्हा उपयोगी पडते ती दुसऱ्या गावी ठेवलेली प्रतच. कोकणातील पतपेढ्या, रुग्णालये आणि महाविद्यालये आपले सर्व्हर घेताना किमतीपूर्वी तीन प्रश्न विचारोत: एक यजमान थांबल्यास उरलेले भार पेलतील का, सर्व यजमान खरोखर एकसारखे आहेत का, आणि दुसऱ्या गावातील प्रत परत उतरवून कधी पाहिली आहे? ही उत्तरे समाधानकारक मिळाल्यावरच खरेदीचा निर्णय घ्यावा.