दुधाच्या पिशवीतून पाड्याचा रस्ता



बोरी बुद्रुकहून पश्चिमेला ठाकर आणि महादेव कोळी पाड्यांकडे आम्ही पावसाळ्यात जातो, तेव्हा डांबरी रस्ता जागोजागी उखडलेला असतो. गाडी पोचली नाही, तर आजाऱ्याला डोलीतून आणावे लागते. खडी आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरले की डांबर सुटते आणि खड्डा पडतो.

यावर मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिकचा उपाय शोधला. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. सुमारे १६० अंशांपर्यंत तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकतात. तो वितळून दगडावर पातळ थर बसतो. मग डांबर मिसळतात. या थरामुळे पाणी शिरत नाही आणि डांबर घट्ट धरते. डांबराच्या वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के प्लास्टिक लागते. रायगड जिल्ह्यात नागोठण्याच्या रिलायन्स कारखान्यात सुमारे ५० टन प्लास्टिक वापरून ४० किलोमीटर रस्ते झाले आहेत.

दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅग चालतात. पीव्हीसी मात्र नको. तापल्यावर त्यातून घातक वायू निघतो. आणि पाया कच्चा असेल, बाजूला गटार नसेल, तर प्लास्टिकनेही रस्ता टिकत नाही.

तेव्हा पिशव्या धुऊन, वाळवून वेगळ्या ठेवा. गावात रस्त्याचे काम निघाले की ग्रामसभेत या पद्धतीची मागणी करा. भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शिका २०१३ पासून आहे. देवाने सोपवलेल्या भूमीचे आपण कारभारी आहोत.