गुडगुडीची सवड

ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, आमच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली. प्रवरा तेव्हाही वाहत होती, दिवसभराचं काम आटोपून माणसं तेव्हाही ओट्यावर टेकत असतील. पण कुणाच्याही हातात तंबाखूची चिलीम नव्हती. मिरची आणि बटाट्याप्रमाणे तंबाखूही अमेरिकेची. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला आणि त्यानंतर ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. आपण पिढ्यान् पिढ्यांची म्हणतो ती तंबाखूची चिलीम जेमतेम चारशे वर्षांची आहे.

या प्रवासात आपलं दख्खन दिल्ली-आग्र्याच्या पुढे होतं. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. इब्राहिम आदिलशहाच्या मुलीचं शहजादा दानियालशी लग्न ठरलं होतं, ते १६०४ मध्ये इथून जवळच, पैठणच्या परिसरात गोदाकाठी लागलं. या असद बेगला विजापुरात तंबाखू दिसली. असली वस्तू त्यानं कधी पाहिली नव्हती. त्यानं रत्नजडित लांब नळी तयार करवली आणि तंबाखूसह ती अकबरापुढे ठेवली. बादशहानं दोन-तीन झुरके घेतले. हकिमांनी हरकत घेतली. अकबरानं पुढे तिचा नाद केला नाही. पण दरबारी मंडळींनी मागणी केली आणि व्यापाऱ्यांनी ती पुरवली. जहांगीरनं १६१७ मध्ये बंदी घातली, तरी तंबाखू पसरतच गेली.

वस्तू आली की तिच्यामागून शब्द येतात. हुक्का अरबीतून आला, चिलीम फारसीतून; गुडगुडी मात्र पाण्याच्या आवाजावरून पडलेलं आपलं नाव. खाली पाण्याचं भांडं, त्यातून वर जाणारा नेचा, नेचावर चिलीम, आणि ओढायला नळी. श्रीमंताच्या घरी भांडं बिदरी कामाचं, काळ्या धातूवर चांदीची वेल असलेलं. गरिबाघरी नारळाची करवंटी. दोन्हींत पाणी सारखंच बोलायचं. शेतकऱ्याची चिलीम त्याहून साधी. कुंभारानं भाजलेली मातीची नळी, तंबाखू तोंडात येऊ नये म्हणून आत एक खडा, आणि बुडाला गुंडाळलेली ओली छापी.

साहेबाचा पाइप हा याच घराण्यातला. चांगला पाइप ब्रायरचा असतो. भूमध्य समुद्राकाठी उगवणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी लाकडाची गाठ धरते. ती उकळतात, कित्येक महिने वाळवतात, मग कोरतात. हे लाकूड सहजी जळत नाही. तुर्कस्तानातल्या मिअरशॉम नावाच्या पांढऱ्या, हलक्या खनिजाचे पाइप वापरता वापरता मधाच्या रंगाचे होतात. शौकीन एका पाइपवर भागवत नाहीत. एकदा ओढलेला पाइप ओलसर होतो, त्याला दिवसभर विश्रांती द्यावी लागते. भरण्याचंही शास्त्र आहे. पहिली चिमूट लहान मुलाच्या हातानं दाबावी, दुसरी बाईच्या, तिसरी पुरुषाच्या, असं जुने पाइपवाले सांगतात. आपल्याकडे १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक आणि त्यांचा पाइप यांचं चित्र जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे आजही आहे.

आता मुख्य प्रश्न. यात माणसाला आराम नेमका कशानं मिळतो?

धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि बरं वाटतं. काही वेळानं ते उतरतं आणि जीव कासावीस होतो. पुन्हा झुरका घेतला की शांत वाटतं. म्हणजे सवयीच्या माणसाला मिळणारी बरीचशी शांतता ही तंबाखूनंच निर्माण केलेल्या अस्वस्थतेवरचा उतारा असते. कर्ज देणाऱ्यानंच व्याजापुरते पैसे पुन्हा उसने द्यावेत, तसा हा व्यवहार.

पण शांततेचा दुसरा भागही खरा आहे. आमच्या मोहल्ल्यात माझ्या लहानपणी एका म्हाताऱ्या चाचांची गुडगुडी होती. ईशाच्या नमाजनंतर ते पाणी बदलायचे, नेचा पुसायचे, निखारे फुंकायचे. चिलीम भरून होईपर्यंत चार शेजारी जमलेले असत. रोज्यात धूर चालत नाही. म्हणून रमजानात गुडगुडी दिवसभर कोपऱ्यात उभी. चाचा दुपारी चिडचिडे व्हायचे, ती निकोटिनची करामत. मात्र संध्याकाळी अजानच्या आधी ते नुसती नळी पुसत बसत, तेव्हा निखारा न पेटताही त्यांचा चेहरा निवळलेला असे.

हा दुसरा आराम हातांच्या सावकाश कामाचा, ठरलेल्या वेळेचा आणि सोबतीचा आहे. त्याला धूर लागत नाही.

आणि धुराबद्दल गैरसमज नकोत. पाणी धूर थंड करतं, निर्विष करत नाही. हुक्क्याच्या तासभराच्या बैठकीत एका सिगारेटपेक्षा कितीतरी पट धूर आत जातो, शिवाय कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड. पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी ओठ, जीभ, घसा यांच्या कर्करोगाचा धोका राहतोच. धूर शेजारी बसलेल्या नातवालाही सोडत नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावरची बंदी देशभर कडक झाली आणि महाराष्ट्रानं २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी आणली, ती उगाच नव्हे.

ज्यांच्या घरी वाडवडिलांची गुडगुडी किंवा पाइप आहे त्यांनी तो जरूर जपावा, चिंचेनं पितळ उजळवावं, नातवंडांना नेचा आणि छापी हे शब्द सांगावेत. ज्यांना ओढायची सवय आहे त्यांनी सोडण्यासाठी डॉक्टरांची मदत घ्यावी. एकट्यानं झगडायची गरज नाही. फक्त तंबाखूबरोबर ती रोजची अर्धी घटका सोडू नये. त्या वेळात सतारीच्या तारा पुसा, कुंडीतली माती उकरा, चहा करून शेजाऱ्याला हाक मारा. तंबाखू इथं यायच्या आधीही माणसं संध्याकाळी ओट्यावर बसतच होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)