‘निसर्गचित्र’ या संज्ञेची मर्यादा : कॉन्स्टेबलच्या चित्रांच्या आधारे

लँडस्केप या चित्रप्रकारासाठी मराठीत ‘निसर्गचित्र’ हा शब्द रूढ आहे. त्याने मनासमोर उभी राहते ती मनुष्याचा हात न लागलेली सृष्टी. मूळ शब्दाचा इतिहास मात्र निराळा आहे. डच भाषेतील ‘लांटस्खाप’ म्हणजे भूभाग, मुलूख. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द चित्रकारांची संज्ञा म्हणून इंग्रजीत आला. ‘निसर्ग’ आणि ‘मुलूख’ या दोन अर्थांतील अंतर किती महत्त्वाचे आहे, हे जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) या इंग्रज चित्रकाराच्या कृतींवरून स्पष्ट होते.

कॉन्स्टेबलचा जन्म सफक परगण्यातील ईस्ट बर्गहोल्ट या गावी झाला. स्टाउर नदीवरील फ्लॅटफर्ड येथील पाणचक्की त्याच्या वडिलांच्या व्यवसायाचा भाग होती. बांधावरून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, कुजलेल्या फळ्या, शेवाळलेले खांब यांनीच आपल्याला चित्रकार केले, अशा आशयाचे त्याने १८२१ मधील एका पत्रात लिहिले आहे. ही सामग्री रानावनातली नसून कामाच्या जागेतली आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

१८१९ च्या ‘द व्हाइट हॉर्स’मध्ये पांढरा घोडा नावेतून पैलतीरी नेला जात आहे. मालाच्या नावा ओढणाऱ्या घोड्यांची वाट त्या ठिकाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर जात असे, हे त्याचे कारण. १८२५ च्या ‘द लीपिंग हॉर्स’मधील घोडा जो अडसर ओलांडतो, तो गुरे भटकू नयेत म्हणून त्या वाटेवर घातलेला असे. हे व्यवहार ठाऊक नसतील तर दोन्ही चित्रे केवळ रमणीय वाटतील. ठाऊक असतील तर त्यांतील प्रत्येक हालचाल सकारण दिसू लागेल.

‘द हे वेन’ हे चित्र १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले, ते ‘लँडस्केप : नून’ या नावाने. इंग्लंडात ते तेव्हा विकले गेले नाही. १८२४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मात्र त्याला सुवर्णपदक मिळाले. ते रंगवले गेले लंडनमधील चित्रशाळेत. परंतु गाडीची बांधणी चुकू नये म्हणून तिचे रेखाटन गावाहून मागविण्यात आले होते. स्मृतीतील गावालाही वस्तुस्थितीची कसोटी लावणारी ही दृष्टी होय.

तथापि या दृष्टीलाही सीमा आहे. १८२२ मध्ये पूर्व इंग्लंडातील शेतमजुरांनी दंगे केले. कॉन्स्टेबलच्या चित्रांत श्रम दिसतात, श्रमिकांची विपन्नावस्था दिसत नाही. परंतु हा आक्षेप घेण्यासाठीदेखील चित्रातील भूमी कोणाच्या तरी कष्टाची आहे, हे प्रथम ओळखावे लागते. ‘निसर्गचित्र’ हा शब्द नेमकी तीच ओळख झाकतो. त्या मानाने ‘भूदृश्य’ ही संज्ञा मूळ अर्थाशी अधिक प्रामाणिक ठरते.