जळालेले नाट्यगृह आणि जागे शहर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. रंगमंच व छप्पर जळाले; दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. नियतीचा हा खेळ क्रूर खराच. परंतु शोकाचा भर ओसरल्यावर नियतीला बोल लावून भागत नाही.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त युरोपात गेले होते. रोममधील भव्य क्रीडागार पाहून खासबागेच्या कुस्ती मैदानाची कल्पना त्यांना सुचली. त्याच मैदानालगत १९१३ ते १९१५ या काळात त्यांनी ‘पॅलेस थिएटर’ उभारले. तालीम आणि रंगभूमी यांना एकाच आवारात शेजार देणारा हा राजा होता. बलोपासना व कलोपासना या दोन्हींवर सामान्य रयतेचा हक्क आहे, असेच जणू त्याने दगडात लिहून ठेवले.

पुढे या वास्तूस ज्यांचे नाव मिळाले, ते केशवराव याच करवीरनगरीचे सुपुत्र. १९०८ साली त्यांनी ‘ललितकलादर्श’ स्थापन केली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त ते बालगंधर्वांसमवेत उभे राहिले, आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, निवर्तले.

आगीनंतर शासनाने पुनर्बांधणीची घोषणा केली. वास्तू ‘जशीच्या तशी’ व्हावी, ही नागरिकांची मागणीही स्वाभाविक आहे. परंतु जशीच्या तशी म्हणजे नेमके काय? दर्शनी रूप तेच असावे, हे मान्य. मात्र पडदे, लाकूडकाम आणि विजेच्या तारा यांचा रंगमंचावर नित्य सहवास असतो. तेथे अग्निशमनाची व्यवस्था आजच्या काळाचीच हवी. आणि ती उद्‌घाटनाच्या दिवसापुरती नको. आपल्याकडे जीर्णोद्धाराला निधी मिळतो, कोनशिलेला पाहुणे मिळतात. रोजच्या देखभालीला मात्र ना निधी, ना धनी. ही वास्तू महानगरपालिकेची, म्हणजेच पर्यायाने नागरिकांची आहे. म्हणून तिच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद व्हावी, आणि तपासणीचे अहवाल दरवर्षी लोकांपुढे यावेत. भाडेही हौशी नाट्यसंस्थांना परवडेल असेच राहिले पाहिजे. अन्यथा वास्तू वाचेल, रंगभूमी वाचणार नाही.

शाहू महाराजांनी नाट्यगृह बांधून दिले. ते राखण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपविले होते. भिंती पुन्हा उभारणे त्या मानाने सोपे आहे.