आपत्कालीन पूर्वतयारीचा प्रारंभ माळवदापासून

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी शेतकरी बियाणे निवडून ठेवतो, तिफणीचे फण तपासतो, जुने कासरे बदलतो. पाऊस कोणत्या दिवशी येईल हे त्यास ठाऊक नसते. तो येणार एवढे मात्र ठाऊक असते, आणि तेवढ्यावर तो तयारीस लागतो. ज्या घरात आपले कुटुंब निजते त्या घराविषयी मात्र अशी दक्षता क्वचितच घेतली जाते. भूकंप असो, अतिवृष्टी असो वा आग, आपत्तीचा पहिला अर्धा तास घरच्या माणसांचाच असतो. बाहेरील मदत त्यानंतर पोहोचते. म्हणून त्या अर्ध्या तासात घर उभे राहावे आणि प्रत्येकास आपले काम ठाऊक असावे, एवढी व्यवस्था ज्याची त्यानेच करून ठेवावयास हवी. अहमदपूर तालुक्यातील कुटुंबांनी ती कोठून सुरू करावी, याचा येथे विचार करू.

किल्लारीने काय शिकविले

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते व गावे गाढ झोपेत होती. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या सुमारास होती. याहून मोठे भूकंप इतर देशांत याहून कमी प्राणहानी करून गेलेले आहेत. येथे माणसे मारली ती मुख्यतः घरांनी.

त्या भागातील बहुसंख्य घरांच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, चिखलात बांधलेल्या व दोन-तीन फूट जाड होत्या. जाडीमुळे त्या भक्कम वाटत. परंतु आतली व बाहेरची बाजू स्वतंत्र रचलेली आणि मधल्या पोकळीत चिपा व माती भरलेली असल्यामुळे धक्का बसताच दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या. वरून माळवदाची माती कोसळली. ज्या घरांत छपराचा भार भिंतींवर नसून लाकडी खांब व तुळयांवर होता, तेथे भिंती पडूनही छप्पर तगून राहिल्याची उदाहरणे नंतरच्या पाहणीत आढळली.

दुसरी गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९९२ च्या पावसाळ्यात व त्यानंतर किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवले होते. तरीही हा प्रदेश त्या वेळच्या नकाशात भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात असे. २००२ साली नकाशा सुधारून लातूर परिसर तिसऱ्या पट्ट्यात घेण्यात आला. अहमदपूर किल्लारीपासून सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरवर आहे. उत्तरेस हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले व ते नांदेड-परभणीकडेही जाणवले. आपला तालुका या दोन ठिकाणांच्या मधोमध येतो.

माळवदाचे ओझे

माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्याच्या अखेरीस त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर देण्याची रीत आहे. जुना थर काढला जात नाही. त्यामुळे ओझे वर्षानुवर्षे वाढत जाते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती असेल, तर ती १०० घनफूट होते. घनफुटास ४५ ते ५० किलो धरले तरी साडेचार ते पाच टन भार होतो. पावसाने माती भिजली म्हणजे तो आणखी वाढतो. एवढे ओझे डोक्यावर घेऊन कुटुंब रात्री निजते.

यास्तव माती टाकण्याचा दिवस हाच पूर्वतयारीचा पहिला दिवस समजावा. नवा थर देण्यापूर्वी जुनी माती खरवडून काढावी. खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरल्यास वीतभर मातीनेही गळती थांबते. माती एकाच बाजूने न काढता सर्वत्र सारखी काढावी व अनुभवी गवंडी जवळ असावा. त्याच वेळी तुळयांची टोके टोचून पाहावी. तेथे वाळवी किंवा कुज लवकर लागते.

भिंतीची पाहणी

भिंतीला पोट सुटले आहे काय, कोपऱ्यात उभी भेग गेली आहे काय, पावसाच्या पाण्याने पायाजवळची माती वाहून गेली आहे काय, हे पाहावे. पोट सुटलेल्या भिंतीलगत कोणीही निजू नये. दोन्ही अंगे बांधून ठेवण्यासाठी ठरावीक अंतरावर एकेक दगड हलकेच काढून आरपार भोक पाडतात व त्यात सळई घालून काँक्रीट भरतात. हे काम अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावे. नवे घर बांधताना आरपार जाणारे दगड व दरवाजा-खिडक्यांवरून सर्व भिंतींना वेढणारा काँक्रीटचा सलग पट्टा ठेवावा. पत्र्याच्या छपरावर दगड ठेवण्याची सवय सोडून पत्रे आकडीच्या बोल्टने आवळावेत.

घरात उशाशी उतरंड, माळ्यावर पोती किंवा फळीवर जड भांडी नसावीत. दाराची वाट मोकळी असावी.

कुटुंबाने ठरवावयाच्या गोष्टी

१. घराबाहेर, भिंती व विजेच्या तारांपासून दूर, एकत्र जमण्याची जागा ठरवावी. अरुंद बोळातून धावू नये. किल्लारीत बोळ ढिगाऱ्यांनी भरून गेले होते.

२. वृद्ध, बाळंतीण व तान्ही मुले यांस कोणी बाहेर आणावे, हे नावानिशी ठरवावे.

३. दगडमातीच्या घरात दार जवळ व बाहेर मोकळे असल्यास त्वरित बाहेर पडावे. ते शक्य नसल्यास भक्कम पलंगाखाली डोके झाकून बसावे.

४. सातबारा, आठ-अ, खरेदीखत, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पुस्तक व पीक विम्याची पावती यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. त्याच थैलीत विजेरी, नित्याची औषधे, मीठ-साखर, काडेपेटी व थोडी रोख रक्कम असावी. पिण्याच्या पाण्याचा एक झाकलेला कॅन शेजारी ठेवावा.

५. जनावरे एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधावीत.

६. तात्काळ मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ व जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरांत लिहावेत.

ग्रामकार्यकर्त्यांस विनंती

एका गावात एकाच वेळी सर्व घरे सुधारतील, अशी अपेक्षा धरू नये. प्रथम माळवदाची पाच घरे निवडावीत. त्यांतही म्हातारी माणसे एकटी राहतात अशी घरे आधी घ्यावीत; माती उतरविण्यास त्यांच्याकडे हात नसतात. पेरणीला किंवा मळणीला शेतकरी जसे एकमेकांच्या कामास जातात, तसे हे काम आळीपाळीने करावे. गवंड्यास व घरातील गृहिणीस पाहणीच्या वेळी सोबत घ्यावे, कारण कोणती भिंत ओलावते व कोणता कोपरा दर पावसात झडतो हे तिलाच नेमके ठाऊक असते. गावाच्या नोंदवहीत कोणत्या घरावरील किती माती उतरविली हे लिहून ठेवावे आणि पुढील वर्षी मृगापूर्वी तीच वही घेऊन पुन्हा त्या दारी जावे.

पैशाची तजवीज होईपर्यंत भिंतीची दुरुस्ती लांबू शकेल. परंतु माळवदावरील जादा माती उतरविण्यास फावडे, टोपले व शेजाऱ्यांचे चार हात पुरेसे असतात, आणि ते प्रत्येक गावात आजही आहेत.